लघवी न धरवणे : लाजू नका, शिकून घ्या

गेल्या महिन्यात पंचेचाळीस वर्षांच्या एक बाई गुडघेदुखीसाठी दवाखान्यात आल्या. तपासणी संपली तरी उठेनात. सोबतची सून बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, शिंकलं, खोकलं की लघवी जाते. सहा वर्षं झाली. नांदेडहून लातूरला लेकीकडं जायचं म्हटलं तरी एसटीत बसायची भीती वाटते."

सहा वर्षे! हा त्रास काहीजणींना चाळिशीनंतर, तर काहींना बाळंतपणानंतर लगेच होतो. 'वयानुसार चालायचंच' म्हणून तो लपवला जातो.

याचे कारण काय? ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना ती खालून आधार देते. बाळंतपणात ती ताणली जाते. पुढे जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, लठ्ठपणा व जड ओझी यांनी ती आणखी सैल पडते. मग लघवी धरवत नाही, कधी 'अंग' बाहेर येते.

या स्नायूंना व्यायामाने बळकटी येते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे मांडले. पद्धत अशी : लघवीला जाऊन यावे. गुडघे वाकवून उताणे झोपावे. वायू व लघवी रोखताना आवळतो तसे आतून आवळावे. पाच अंक मोजावेत, सोडावे, तेवढीच विश्रांती घ्यावी. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावे. श्वास रोखू नये. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा सराव करू नये.

मात्र नुसते ऐकून पुष्कळजणींना हे जमत नाही. काहीजणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात व त्रास वाढवून घेतात. म्हणूनच शिकवणारी व्यक्ती जाणकार हवी. अमेरिकेत फिजिओथेरपीच्या पदवीनंतर अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली साधारण वर्षभर स्त्री-आरोग्याचे खास प्रशिक्षण घेता येते. त्यास 'रेसिडेन्सी' म्हणतात. या विषयातील तज्ज्ञतेची परीक्षा तेथे २००९ साली सुरू झाली. आपल्या शेजारी बेळगावला केएलई संस्थेत स्त्रीरोग व प्रसूती या विषयात फिजिओथेरपीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. लातुरातही फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. आपल्या मुलींनी हा विषय निवडला, तर गावोगावच्या आयाबहिणी दुवा देतील.

तोवर काय करावे? आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे व 'स्त्रियांचे हे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट कोण?' असे विचारावे. लघवीत जळजळ वा रक्त, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव किंवा अंग बाहेर येणे असल्यास आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

त्या बाईंचा व्यायाम आता सुरू झाला आहे. गुण यायला काही आठवडे लागतील. पण सहा वर्षे मनात ठेवलेले त्या एकदाच्या बोलल्या, हे महत्त्वाचे.