शंका-समाधान : ताप, अंगदुखी आणि इंटरफेरॉन

प्रश्न : मुलाला कालपासून ताप आहे, अंग ठणकतंय म्हणून रडतोय. डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणाले आणि अँटिबायोटिक दिलंच नाही. त्याची प्रतिकारशक्तीच कमी आहे का हो?
– एक आई, सांगोला

उत्तर : नाही, ती कामाला लागली आहे. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन (शेजारच्या पेशींना सावध करणारी प्रथिने) सोडते; मग त्या पेशी विषाणूची वाढ आपल्या आत रोखून धरतात. आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये लंडनला याचा शोध लावला. ताप आणि अंगदुखीत या प्रथिनांचाही हात असतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही.

ताप तीन दिवसांपुढे गेला, धाप लागली, मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा ताप उतरताना पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वडिलांच्या रक्तात ‘हिपॅटायटिस सी’ निघालाय. आमच्या एका पाहुण्यांना त्यावर इंजेक्शनं दिली होती. दर आठवड्याला हुडहुडी भरायची, माणूस गप्पगप्प झाला. वडिलांना हे झेपेल का?
– डाळिंब बागायतदार, महूद

उत्तर : ती बहुधा पेग-इंटरफेरॉनची (शरीरात जास्त काळ टिकणारे इंटरफेरॉन) असावीत. थंडीताप आणि उदासी हे त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत. आता या आजारावर थेट विषाणूला रोखणाऱ्या गोळ्या आहेत. त्या साधारण १२ आठवडे घेऊन ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. सिरोसिस (यकृत निबर होणे) असल्यास मुदत वाढू शकते.

आधी आरएनए तपासणी करून विषाणू अजून रक्तात आहे का, हे पाहावे लागते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करा. दारू आणि काविळीचे झाडपाल्याचे औषध मात्र नको.

प्रश्न : रोज डाळिंब खाऊन इंटरफेरॉन वाढतं का? की कोरोनात आलेलं इंजेक्शन घेऊन टाकू? वयामुळे धास्ती वाटते.
– निवृत्त शिक्षक, सांगोला

उत्तर : डाळिंब आवडीने खा, मधुमेह असेल तर बेताने, पण त्याने इंटरफेरॉन वाढते याला भक्कम पुरावा नाही. ते कायम वाढलेले असणे चांगलेही नाही. ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणे) तेच घडते. एप्रिल २०२१ मध्ये ‘विराफिन’ला (पेग-इंटरफेरॉनचे इंजेक्शन) आणीबाणीची परवानगी मिळाली ती मध्यम आजारी प्रौढ कोरोना रुग्णांसाठी, ताकदीचे औषध म्हणून नव्हे. वयाची काळजी असेल, तर फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.