कात्री एक की अनेक?



मागे शेजारच्या आजीबाई नातीची इंग्रजीची वही घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांनी सांगितलेल्या 'माय ग्रँडमदर्स हेअर्स आर व्हाइट' या वाक्यावर शाळेतल्या मोराने लाल रेघ मारली होती. नात म्हणाली, "सव्ता, तुला इंग्लिश येत नाही." आजीबाई मुंबईत मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. त्यांना ते फार लागले.

चूक अडाणीपणाची नव्हे, मराठीची होती. आपल्याकडे केस पांढरे होतात, तांदूळ निवडावे लागतात, मलिद्याचे पोहे भिजवतात, आणि पैसे तर नेहमीच कमी पडतात. सगळे अनेकवचन! इंग्रजीत हेअर, राइस, मनी यांना 'इज' लागते. (आमटीत दोन केस सापडले तर मात्र 'टू हेअर्स'.) येथे हिब्रूचा आधार घ्यावा. सेआर, ओरेझ, केसेफ ही तिन्ही एकवचनीच आहेत.

कात्रीचे नेमके उलट. आपली कात्री एक, विजार एक, चष्माही एक. इंग्रज मात्र सीझर्स, ट्राउझर्स, ग्लासेस यांना 'आर' लावतो आणि एक नग सांगताना 'ए पेअर ऑफ' म्हणतो. मिस्परायीम, मिख्नासायीम, मिश्काफायीम हे शब्द आठवा. दोन पाती, दोन पाय, दोन काचा, म्हणून जोडीचे रूप. नातवंडांना हे लगेच पटते.

अनेकवचनात इंग्रजही चुकले आहेत. हिब्रूत एक तो करूव, अनेक ते करुवीम. 'ईम' मध्येच अनेकवचन आले. तरी १६११ च्या इंग्रजी शास्त्रात 'चेरुबिम्स' छापले, म्हणजे अनेकवचनाचे पुन्हा अनेकवचन! १८८५ च्या सुधारलेल्या भाषांतरात तो 'स' गाळला. 'चिल्ड्रन'ही तसेच. 'चिल्डर' हे जुने अनेकवचन होतेच, त्याला आणखी 'एन' जोडला. तो मात्र कोणी गाळला नाही.

पण हिब्रूवरही सर्वस्वी विसंबू नये. राहितीम म्हणतात म्हणून 'फर्निचर्स', एत्सोत म्हणतात म्हणून 'ॲडव्हाइसेस' होत नाही. (सल्ले म्हणणारे आपणही येथे फसतो.) एकच सांगायचे तर 'ए पीस ऑफ' म्हणावे.

एवढे सांगून आम्ही नातीला घरातल्या टेबलखुर्च्यांवर एक वाक्य लिहावयास दिले. तिने 'फर्निचर्स' लिहिले. आजीबाईंनी चष्मा सरसावला आणि म्हणाल्या, "बाई गं, तो एस खोड."