कोंबडीचे जंत आणि माणसाचें आरोग्य

गतवर्षीं भाद्रपद महिन्यांत नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मेलेली तलंग पिशवींत घालून शाळेंत आला. घरच्या नऊ कोंबड्यांपैकीं ती मेलेली चौथी होती. अंडीं विकून जे पैसे येत, त्यांतून त्याच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागत असे. त्यामुळें त्याच्या आईला मोठीच काळजी लागली होती. शाळा सुटल्यावर आम्हीं ती तलंग पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेली. डॉक्टरांनीं ती चिरून दाखविली. छातीचें हाड सुरीच्या पात्यासारखें वर आलेलें, मांस जवळजवळ नाहींच. आणि आंतडें उघडतांच शिजलेल्या शेवयांसारखे पिंवळसर पांढरे जंत गच्च भरलेले दिसले. आम्ही सर्व क्षणभर स्तब्ध झालों. मग त्या मुलानें हळूच विचारलें, "सर, हे जंत माझ्या धाकट्या बहिणीला होतील काय? ती दिवसभर त्याच अंगणांत खेळते."

प्रश्न लहान, पण फार मोलाचा होता. त्याचें उत्तर सर्व विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगीं पडेल, म्हणून तें येथें सविस्तर देत आहें.

दुसऱ्या जीवाच्या शरीरावर अथवा शरीरांत राहून त्याच्याच अन्नावर वा रक्तावर जगणारा जो जीव, त्यास परोपजीवी म्हणतात. आम्हांस दिसलेला जंत म्हणजे कोंबडीचा गोलकृमि होय. शास्त्रज्ञ त्यास ॲस्कॅरिडिया गॅली असें म्हणतात. याची लांबी दोन ते चार इंच भरते. मादी जी अंडीं घालते, तीं कोंबडीच्या विष्ठेबरोबर बाहेर पडतात; परंतु तीं लगेच रोग देऊं शकत नाहींत. ऊब आणि ओल मिळाल्यास दहा-बारा दिवसांत वा त्याहून कांहीं अधिक काळांत अंड्याच्या आंत अळी तयार होते. असें अंडें दाण्याबरोबर दुसऱ्या कोंबडीच्या पोटांत गेलें कीं, तेथें नवा जंत वाढूं लागतो. सावलीच्या ओलसर मातींत हीं अंडीं महिनोन् महिने जिवंत राहतात.

दुसरा शत्रु याहून सूक्ष्म आहे. तो डोळ्यांना दिसत नाहीं. त्याचें नांव आयमेरिया. लहान पिलांस जी रक्ताची हगवण लागते, ती पुष्कळदां याच्यामुळें. याच्या बीजकोशांस बाहेर पडल्यावर रोगकारक होण्यास ऊब व ओल असल्यास एक-दोन दिवस पुरतात. म्हणून पावसाळ्यांत, ओल्या खुराड्यांत, दाटीनें कोंडलेलीं पिलें पटापट मरतात.

तिसरा पट्टकृमि. तो सरळ एका कोंबडीकडून दुसरीकडे जात नाहीं. त्याचीं अंडीं मुंग्या, शेणांतले किडे किंवा माशा खातात आणि त्या कीटकांस कोंबडी टिपते. अंगावर राहणारे शत्रु निराळेच. कोंबडीची गोचीड आणि तांबडा पिसूकिडा हे दिवसा भिंतींच्या व बांबूंच्या फटींत लपतात आणि रात्रीं बाहेर येऊन रक्त शोषितात. गोचीड तर अन्नावांचून कित्येक महिने तग धरून राहते. यास्तव खुराडें रिकामें ठेवल्यानें ती मरेल, असें समजणें व्यर्थ आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हे जंत माणसाला होतात काय? कोंबडीचा गोलकृमि आणि आयमेरिया हे माणसाच्या शरीरांत वास करीत नाहींत. तेव्हां धाकट्या बहिणीविषयीं त्या मुलानें भय धरूं नये. परंतु येथेंच थांबलों, तर उत्तर अर्धेंच राहील. कोंबडीच्या या रोगांचा लोकांच्या आरोग्याशीं तीन वाटांनीं संबंध येतो.

पहिली वाट अन्नाची. आमच्या तुमसर तालुक्यांत भात हें मुख्य अन्न. भातानें पोट भरतें. पण वाढत्या मुलांच्या शरीरास लागणारीं प्रथिनें भातांत थोडीं. गरिबाच्या घरीं हीं प्रथिनें स्वस्तांत देणारी वस्तु म्हणजे अंडें. जंतांनीं पोखरलेली कोंबडी दाणे खाते तेवढेच, पण अंडीं थोडीं देते. म्हणजे जंत कोंबडीच्या आंतड्यांत असले, तरी ते जेवतात मुलांच्या ताटांतून!

दुसरी वाट प्रत्यक्ष संसर्गाची. खुराडें घराच्या भिंतीस लागून असलें आणि त्यांत तांबडा किडा माजला, तर तो रात्रीं माणसांनाही चावतो व अंगास खाज सुटते. याहून महत्त्वाचा जीव टॉक्सोप्लाझ्मा. हा १९०८ सालीं ट्युनिसमध्यें एका लहान प्राण्याच्या शरीरांत प्रथम आढळला. त्याचें मूळ घर मांजराचें आंतडें होय, हें कळावयास पुढें सुमारें साठ वर्षें लागलीं. मांजराच्या विष्ठेबरोबर तो मातींत येतो, कोंबडी माती उकरतांना तो टिपते आणि तो तिच्या मांसांत दडून बसतो. असें मांस अर्धेंकच्चें खाल्लें, तर तो माणसांत शिरतो. सशक्त माणसास त्याचा त्रास बहुधा जाणवत नाहीं. परंतु गरोदर स्त्रीस नव्यानें संसर्ग झाल्यास पोटांतील बाळाच्या डोळ्यांस व मेंदूस अपाय होऊं शकतो. मांस आंतपर्यंत पूर्ण शिजविलें, कीं हा जीव मरतो. कच्चें मांस कापलेली सुरी व पाट धुतल्याशिवाय त्यांवर भाजी चिरूं नये, याचेंही कारण हेंच.

तिसरी वाट मातीची. आणि माझ्या मतें हीच सर्वांत विचार करण्याजोगी आहे. कोंबडीचा गोलकृमि माणसास होत नाहीं खरा. पण माणसाचा स्वतःचा गोलकृमि अगदीं याच रीतीनें पसरतो. त्याचींही अंडीं विष्ठेंतून मातींत येतात, ऊबेनें व ओलीनें दोन-तीन आठवड्यांत पक्व होतात आणि न धुतलेल्या हातांवाटे तोंडांत जातात. अंकुशकृमीची अळी तर ओल्या मातींत अनवाणी चालणाऱ्याच्या पायांतून शिरते व त्याचें रक्त पिते. जी ऊब, जी ओल आणि जी अस्वच्छता कोंबडीस मारते, तीच आमच्या मुलांना निस्तेज करते. म्हणून मी म्हणतों, कोंबडी ही आपल्या अंगणाच्या मातीची साक्षीदार आहे. ती झुरूं लागली, तर औषधाआधीं आपलें अंगण पाहावें.

सन २००६ च्या फेब्रुवारींत आपल्याच राज्यांतील नंदुरबार जिल्ह्यांत, नवापूर येथें, पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा आला. लाखों कोंबड्या माराव्या लागल्या आणि साऱ्या देशाचें लक्ष तिकडे वेधलें. तो रोग परोपजीवीचा नव्हे, विषाणूचा. वणवा पेटला कीं सारा गांव धांवतो; परंतु घरांतील लाकूड वाळवी पोखरीत असतां तें कोणाच्याही ध्यानीं येत नाहीं. जंतांचें काम त्या वाळवीसारखें आहे.

उपाय मात्र आपल्या आटोक्यांतले आहेत. खुराडें रोज सकाळीं झाडावें. आयमेरियास पक्व होण्यास एक-दोन दिवस लागतात, ते त्यास मिळूं देऊं नयेत. जमीन उंच व कोरडी ठेवावी. दाणे मातींत न फेंकतां पसरट भांड्यांत द्यावे, आणि पाण्याचें भांडें विष्ठा पडणार नाहीं अशा जागीं ठेवावें. लहान पिलें मोठ्या कोंबड्यांपासून वेगळीं वाढवावीं. भिंतींच्या फटी बुजवून चुना द्यावा. जंतांचें औषध पशुवैद्यांच्या सल्ल्यानें व त्यांनीं सांगितलेल्या मापानेंच द्यावें, आणि ते सांगतील तितके दिवस त्या कोंबड्यांचीं अंडीं खाऊं अथवा विकूं नयेत. एकदम अनेक कोंबड्या मेल्या, तर त्यांस हात न लावतां दवाखान्यास कळवावें.

घरांतील माणसांनीं शौचालयाचा वापर करावा, जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे व पायांत चपला घालाव्या. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून २०१५ पासून पाळला जात आहे. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांस शाळेंत व अंगणवाडींत अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती गोळी चुकवूं नये. पण ध्यानांत असूं द्या, गोळी पोटांतील जंत मारते, मातींतील अंडीं मारीत नाहीं. तीं निपटून काढण्याचें काम झाडूचें, साबणाचें व सूर्यप्रकाशाचें आहे.

त्या विद्यार्थ्यानें पुढें काय केलें, हें सांगून लेख संपवितों. त्यानें वडिलांच्या साहाय्यानें बांबूचें उंच खुराडें बांधलें. उरलेल्या पांच कोंबड्यांस औषध दिलें. आणि रोज शाळेंत येण्यापूर्वीं तो तें झाडूं लागला. पांचही कोंबड्या वांचल्या, आणि उन्हाळ्यापूर्वीं एक खुडूक बसून तिच्या पंखांखालीं नवीं पिलें आलीं. पंखांखालीं पिलांस गोळा करणाऱ्या कोंबडीचा दृष्टांत प्रभूनें आपल्या प्रीतीसाठीं योजिला, हें आपणांस ठाऊक आहेच. जो प्राणी त्यास या दृष्टांतास योग्य वाटला, त्याची निगा राखणें हें हलकें काम खचित नव्हे. आणि ती राखतां राखतां धाकट्या बहिणीचें अंगणही स्वच्छ होतें.