भाल्याच्या टोकाकडे पाहू नका

शाळेत चित्रकला शिकवताना प्राचीन ग्रीक घडे मी एका तासिकेत उरकायचे. पुस्तकातला फोटो दाखवायचा, फळ्यावर ‘काळे योद्धे, तांबडी माती’ लिहायचं, झालं. निवृत्त झाल्यावर लेकीकडे जाणं-येणं वाढलं. लंडन, बर्लिन, रोम इथली संग्रहालयं पायाखालून गेली आणि लक्षात आलं, आपण पोरांना निम्मं सांगितलंच नाही. त्याचं हे प्रायश्चित्त.

१. घड्याला प्रदक्षिणा घाला.
ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रीक चित्रकार एक्सेकियासचा घडा आहे, इ.स.पू. ५३०च्या आसपासचा. ग्रीक योद्धा अकिलीस लढवय्या बायकांची, म्हणजे अ‍ॅमेझॉनांची, राणी पेन्थेसिलिया हिला भाल्यानं मारतो आहे. त्याचा चेहरा शिरस्त्राणात गडप. ती गुडघ्यावर कोसळलेली, चेहरा उघडा, पांढरा. त्या काळी बाईची कातडी पांढऱ्या रंगानं दाखवत. मी बराच वेळ भाल्याच्या टोकाकडे, गळ्यातून उडणाऱ्या रक्ताकडे बघत होते. मग दिसलं, की ती दोघं एकमेकांच्या डोळ्यांत पाहताहेत. मारता मारता तो तिच्या प्रेमात पडला, अशी कथा आहे. नंतर सहज मागं गेले तर तिथं मद्याचा देव डायोनिसस निवांत उभा! तेव्हा कुठं आठवलं, की हा दारूचा घडा आहे. पुस्तकातल्या फोटोला मागची बाजू नसते.

२. काळा रंग हा रंग नव्हेच.
तीही मातीच, फक्त फार बारीक गाळलेली. भट्टीत आधी हवा खेळती ठेवायची, मग कोंडायची, म्हणजे सगळा घडा काळा पडतो. पुन्हा हवा सोडली की उघडी माती परत तांबडी होते, पण गाळलेल्या मातीचा थर तोवर काचेसारखा घट्ट झालेला असतो. तो काळाच राहतो. म्हणजे चित्रकार योद्धा रंगवत होता तेव्हा तो काळा नव्हताच! दाढीचे केस, चिलखतावरची नक्षी हे सगळं टोकदार हत्यारानं कोरायचं. इ.स.पू. ५२०च्या सुमाराला अथेन्सच्या कुंभारवाड्यात हा हिशेब उलटला: पार्श्वभूमी काळी, माणसं मातीच्या रंगाची आणि कोरण्याऐवजी कुंचला. मग योद्ध्यांची अंगं वळायला लागली.

३. जिंकणारा बहुधा डावीकडून येतो.
नियम नव्हे, चित्रकारांची सवय. अकिलीससुद्धा डावीकडेच आहे.

४. जवळ जा, मग अजून जवळ जा.
रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयातलं किजी पात्र जेमतेम २६ सेंटिमीटर उंच आहे. फोटो पाहून मी रांजणाएवढं असेल असं धरून चालले होते आणि त्याच्यासमोरून एकदा तशीच पुढं गेले. कोरिंथच्या कारागिरानं इ.स.पू. ६५०-६४०च्या सुमाराला त्यावर दोन सैन्यांच्या फळ्या भिडवल्या आहेत. डावीकडून येणाऱ्यांच्या ढालींची आतली बाजू दिसते, समोरच्यांच्या ढालींवरची चित्रं. या गर्दीत एक पोरगा दुहेरी पावा फुंकतो आहे. अंगावर चिलखत नाही, हातात शस्त्र नाही. त्याच्या तालावर सगळ्यांची पावलं पडताहेत. मला तर सगळ्यात शूर तोच वाटला.

५. लढाई नसलेली चित्रं शोधा.
हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बर्लिनच्या आल्टेस म्युझियममध्ये सोसियास या कुंभारानं सही केलेला प्याला आहे, इ.स.पू. ५००च्या सुमाराचा. आत तळाशी अकिलीस आपला मित्र पाट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतोय. बाण बाजूला पडलाय. पाट्रोक्लसनं मान फिरवलीय, दात विचकलेत. इंजेक्शन घेताना आपण भिंतीकडे बघतो, अगदी तसंच. होमरच्या ‘इलियड’मध्ये हा प्रसंग नाही. पिणाऱ्याला तो दिसायचा प्याला रिकामा झाल्यावर.

एक्सेकियासनं याहून कठीण काम केलं. व्हॅटिकनमधल्या घड्यावर अकिलीस आणि त्याचा साथीदार अजॅक्स सोंगट्या खेळत बसलेत. भाले हातात, ढाली मागं टेकवलेल्या. तोंडाजवळ दान लिहिलंय: अकिलीसचं चार, अजॅक्सचं तीन. एकाचाच फरक. पण बघणाऱ्या ग्रीकाला पुढचं ठाऊक होतं. अकिलीस मरणार, अजॅक्स त्याचं प्रेत खांद्यावरून आणणार. ते दृश्य फ्लॉरेन्सच्या फ्रांस्वा घड्याच्या कानांवर आहे. अकिलीसची शस्त्रं मात्र अजॅक्सला मिळत नाहीत आणि तो जीव देतो.

तेही एक्सेकियासनं रंगवलं. इतर चित्रकारांनी तलवारीवर पडलेला अजॅक्स काढला. यानं आधीचा क्षण निवडला: ढाल-शिरस्त्राण बाजूला ठेवून अजॅक्स ओणवा बसलाय आणि तलवारीची मूठ मातीत रोवून भोवतीची माती हातानं दाबतोय. रोप लावताना आपण दाबतो तशी. रक्त नाही, शत्रू नाही. युद्धाचं याहून भेदक चित्र मला माहीत नाही आणि अजून ते मी फोटोतच पाहिलंय. तो घडा उत्तर फ्रान्समध्ये, बूलोन-सुर-मेर या बंदराच्या गावी आहे.