अंगाला खुलणारे कापड

लग्नसराई जवळ आली की घराघरांत बस्त्याची बोलणी सुरू होतात. दहापंधरा माणसे मिळून तालुक्याला जातात. दुकानदार गादीवर बसवतो, चहा पाजतो आणि एकामागून एक घड्या उलगडून टाकतो. अर्ध्या तासात डोळे दिपून जातात. मग कोणीतरी म्हणते, "हे झकास आहे, बांधा." पैसे मोजले जातात. घरी येऊन अंगणात घडी उलगडावी, तर दुकानातला मोरपंखी रंग निराळाच दिसतो!

दुकानदाराने कापड बदलले काय? नाही. उजेड बदलला. कापडावर जसा उजेड पडेल तसा त्याचा रंग आपल्याला दिसतो. पिवळ्या दिव्याखाली निळे कापड मळकट दिसते आणि लाल कापड जास्त तेजाळ दिसते. पांढऱ्या नळीच्या दिव्याखाली पुन्हा वेगळे. म्हणून खरेदीला सकाळी जावे. पसंत पडलेले कापड घेऊन दुकानाच्या दाराशी यावे आणि दिवसाच्या उजेडात बघावे. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्यावे. पैसा आपला आहे.

आता कापड हनुवटीखाली धरा आणि आरशात बघा. इथे बहुतेक जण चुकतात. ते कापडाकडे बघतात. आपण आपल्या चेहऱ्याकडे बघावे. कापडावर पडलेला उजेड थोडा उडून तोंडावर येतो. झेंडूचे फूल हनुवटीखाली धरले की कातडीवर पिवळी झाक दिसते, तसेच हे. एका रंगाने तोंड टवटवीत दिसते, डोळे उठून दिसतात. दुसऱ्या रंगाने तेच तोंड आजारी माणसासारखे दिसते. एकच कापड धरून हे कळत नाही. दोन कापडे घ्या आणि आळीपाळीने धरा. शेजारी घरचे माणूस उभे करा. फरक लगेच कळतो.

हे सगळे बायकांचे काम, असे म्हणून पुरुषमंडळींनी हसू नये. पटका आणि सदरा तर तोंडाला लागूनच असतात.

आता एका दुखऱ्या गोष्टीविषयी बोलू. आपल्याकडे मुलगी सावळी असली की तिला लहानपणापासून ऐकवतात, "तुला लाल नको, तुला पिवळे शोभत नाही, तू आपली फिकट रंगाचीच घे." आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे काढली. स्नेहसंमेलनाला अशा मुली मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहात. कोणी ढकलले नव्हते. घरच्या बोलण्याने त्या आपणच मागे जात. हे ऐकवणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, पंढरीचा विठोबा कोणत्या रंगाचा आहे? आणि त्याचा पीतांबर कोणत्या रंगाचा आहे? काळ्यासावळ्या अंगावर पिवळा, गडद लाल, पोपटी, जांभळा हे रंग कसे झळकतात ते एकदा डोळे उघडून बघावे. उलट गोऱ्या माणसाने अगदी फिकट पिवळे किंवा बदामी घातले, तर तोंड आणि कापड एकच होऊन जाते. फिकट रंग सावळ्यांना शोभतच नाहीत असेही नाही. स्वच्छ पांढरा सदरा सावळ्या गड्याला काय शोभतो! तेव्हा नियम कोणी सांगितला ते न बघता आरसा काय सांगतो ते बघावे.

रंगावर बंदी घालण्याची खोड आपल्या समाजात जुनी आहे. काही जातींत विधवा बाईचे केस काढून तिला तांबडे आलवण नेसवीत. पुढे आलवण गेले, तरी 'तिने भडक नेसू नये' हे राहिलेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. ज्या घरात अशी बाई आहे त्यांनी पुढच्या बस्त्याच्या वेळी तिलाही दुकानात न्यावे. कोणता रंग हवा ते तिलाच विचारावे.

नेसण्याच्या रीतीचेही असेच होते. पूर्वी लुगडे कसे नेसले आहे, अंगावर कोणते दागिने आहेत, यावरून बाईची जात ओळखू येई. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे आलेल्या बायकांना सांगितले, की जातीची खूण दाखवणारी ही रीत टाकून द्या आणि इतर बायकांसारखे लुगडे नेसा. त्या बायकांनी ते लगेच मनावर घेतले. कपड्याचा माणसाच्या मानाशी किती संबंध आहे, हे त्या ओळखून होत्या.

आता कामाचे बघू. आपल्याकडची जुनी लुगडी गडद हिरवी, तांबडी, काळपट निळी असत. शेतातली माती त्यांवर दिसत नाही, म्हणून. उन्हात मात्र गडद कापड जास्त तापते, पांढरे कमी तापते. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतात तीही थंडीच्या दिवसांतच, बरे का! उन्हाळ्यात सैल, सुती आणि फिके कापड बरे. वारा आत खेळतो, घाम सुकतो.

अंगलटीचे म्हणाल तर ठेंगण्या बाईला फार रुंद काठ घेऊ नये असे आमचे मत आहे. काठातच अर्धी उंची निघून जाते. तिला बारीक काठ आणि त्याच रंगाची चोळी उंच दाखवते. सडपातळ उंच बाईने रुंद काठाची इरकल खुशाल नेसावी. उभ्या पट्ट्यांनी माणूस उंच दिसतो असे सगळे सांगतात. पण पट्ट्यांपेक्षा मापाने जास्त फरक पडतो. खांद्यावरून ओघळणारा सदरा कितीही भारी कापडाचा असो, मागून आणल्यासारखा दिसतो. शिंप्याकडे जाऊन नीट माप द्यावे. जुना सदरा नमुन्याला पाठवू नये. तो शिवला तेव्हाचे अंग आता राहिलेले नसते.

घेण्यापूर्वी आणखी एक करावे. पांढरे फडके ओले करून कापडाचा कोपरा चोळावा. फडक्याला रंग लागला तर पहिल्याच धुण्यात बाकीचे कपडे खराब होणार, हे समजावे. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे काय आटायचे ते आधीच आटते. आणि पोरांचे कपडे शिवताना शिंप्याला आत माया जास्त सोडायला सांगा. जूनमध्ये शाळा उघडली की शिवण उसवून तेच कपडे वाढवता येतात.