बेथेसदाची रांग

आजचं वाचन: योहान 5:1-16



प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी दरवर्षी हेच शुभवर्तमान येतं. यरुशलेममधलं बेथेसदाचं तळं, त्याच्या पाच पडव्या, तिथे पडलेले आजारी लोक आणि त्यांच्यात 38 वर्षं खितपत असलेला एक माणूस. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो, अशी तिथली समजूत. (देवदूत येऊन पाणी हलवतो हे चौथं वचन जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून बऱ्याच बायबलमध्ये ते तळटिपेत असतं. तुमच्या प्रतीत सापडलं नाही तर घाबरू नका.) येशू त्या माणसाला विचारतो की बरं व्हायची इच्छा आहे का. आणि तो हो म्हणतच नाही. मला पाण्यात उतरवायला कोणी नाही, मी पोचेपर्यंत दुसराच उतरतो, एवढंच सांगतो.

माझं ऑफिसातलं काम रांगांचंच आहे. हजारो विनंत्या येतात, कुठली आधी घ्यायची ते आमचा प्रोग्राम ठरवतो. त्या नजरेने पाहिलं तर बेथेसदाची रांग फार वाईट बांधलेली. जो सगळ्यांत कमी आजारी, तोच धावत जाऊन पहिला उतरणार. वर्षानुवर्षं मी या उताऱ्यातून एवढंच काढत होतो. गेल्या जुलैपासून मात्र हा उतारा वाचताना मला आमच्या गल्लीतले काका दिसतात. त्यांच्याबद्दल लिहू का, असं विचारलं. नाव घालू नकोस, बाकी लिही, म्हणाले.

काका मुंबई अग्निशमन दलात होते. पाचूबंदरची पोरं बोटीवर जायची त्या काळात हे वसई रोडहून लोकल पकडून ड्युटीला जायचे. 14 एप्रिल आला की आम्हा मुलांना 1944 च्या गोदीतल्या स्फोटाची गोष्ट सांगायचे. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, त्यात दारूगोळा आणि कापूस एकत्र, आणि आग विझवायला गेलेले 66 जवान परत आले नाहीत. सांगताना आवाज चढायचा नाही. स्वतः किती जणांना बाहेर काढलं ते आम्ही कितीदा विचारलं, पण कधी सांगितलं नाही.

आता ते 66 वर्षांचे आहेत. दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. मी एकदा हिशेब केला होता: मशीनमधून मिनिटाला साधारण 500 मिली द्रव जातो, म्हणजे एका वेळेला 120 लिटर. आणि पिण्याचं पाणी? दिवसाला जेमतेम एक लिटर, चहा-आमटी धरून. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि हा माणूस उन्हाळ्यात बर्फाचा तुकडा चघळत ओट्यावर बसतो.

काकींना मधुमेह, त्यामुळे त्यांची किडनी घेता येत नाही. मुलगी तयार होती. काका नाही म्हणाले. मग मृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षायादीत नाव घालायचा विषय निघाला. 65 वर्षांची अट केंद्र सरकारने 2023 मध्ये काढलीय, त्यामुळे वयाची अडचण नव्हती. तरी फॉर्म आठ महिने कपाटात पडून होता. कोणी विचारलं की काका दुसरंच काही सांगायचे: मुलीचं घर, काकींची साखर, कुणा तरुणाला जास्त गरज असेल. आज हे शुभवर्तमान वाचताना मला ती उत्तरं आठवतात. आयुष्यभर दुसऱ्याला खांद्यावर घेतलेल्या माणसाला हो, मला बरं व्हायचंय, हे चार शब्द जड जातात. शेवटी काकींनीच फॉर्म पुढे केला आणि सही घेतली.

फोन आला तो जुलैमध्ये, रात्री एकच्या सुमारास. मासेमारी बंद, बोटी वर ओढून ठेवलेल्या, पाऊस कोसळतोय. मी गाडी काढली. घोडबंदरजवळचा खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत.

अशा वेळी एकालाच बोलावत नाहीत. रक्तगट, डायलिसिसवर किती काळ झाला, असे गुण धरून यादी लागते आणि वरच्या काही जणांना बोलावून ठेवतात. मग क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्त एकमेकांना चालतं का ही तपासणी. त्याला काही तास लागतात. काका दुसऱ्या नंबरवर होते. सकाळी कळलं की पहिल्याची तपासणी चांगली आली. तो मुलगा पंचवीस-तीसचा असेल, बाजूच्याच बाकावर आईबरोबर बसला होता. काकांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही घरी निघालो.

मला वाईट वाटलं होतं. खरं सांगायचं तर रागही आला होता, त्या मुलाचा. काका परतीच्या वाटेवर बोलले ते वेगळंच. "इतकी वर्षं नोकरी केली. फोन वाजला की कुणाचं तरी घर जळतंय, कुणीतरी अडकलंय. पोटात गोळा यायचा. काल फोन वाजला आणि मी खूश झालो. कुणाचं तरी माणूस गेलंय, आणि मी खूश झालो."

यावर मी काय बोलणार? मी स्वतः रोज रात्री प्रार्थना करत होतो की काकांना लवकर किडनी मिळू दे. म्हणजे नेमकं काय मागत होतो?

त्यानंतर काका दोन आठवडे मिस्साला आले नाहीत. नाव काढून टाकतो म्हणू लागले. त्यांचं म्हणणं कुणी खोडून काढलं असेल तर काकींनी. जाळं विणतानाच, मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही स्टेशनात बूट घालून बसायचात, ते आग लागावी म्हणून बसायचात का?"

माझ्या मते या विषयावर मी ऐकलेलं हे सर्वांत शहाणं वाक्य आहे. आग कुठे लागणार ते स्टेशनात बसलेला ठरवत नाही. दाता मेंदूमृत झालाय हे चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. त्यानंतर घरच्यांना विचारलं जातं. मृत्यू झालेला असतो. ते देतात की नाही, एवढंच बाकी असतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 29 ऑगस्ट 2000 रोजी रोममध्ये प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर बोलताना अशा दानाला प्रेमाची कृती म्हटलं होतं. मात्र ते मोकळेपणाने, समजून-उमजून दिलेलं हवं, हेही बजावलं होतं.

बेथेसदाच्या माणसाला येशू पाण्याकडे नेत नाही. कुणाला मागे ढकलून त्याचा नंबरही वर आणत नाही. काकांना मात्र रांगेतच थांबायचं आहे, हा फरक मला पुसता येत नाही. मी फक्त माझी प्रार्थना बदलली.

काकांनी नाव काढलं नाही. आज मंगळवार, त्यांच्या डायलिसिसचा दिवस. सकाळी रिक्षात बसताना मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा केलाय ना, ते दोनदा तपासलं. माझ्या स्वतःच्या अवयवदानाचा फॉर्म मी भरलाय. पण फॉर्म भरला तरी शेवटी घरच्यांची संमती लागतेच, आणि हे आईला सांगायचं अजून राहिलंय. दोनदा जेवताना विषय काढला आणि आमटी कशी झालीय यावर गेलो.

प्रार्थना: प्रभू येशू, आज रात्री कुठल्या तरी अतिदक्षता विभागाबाहेर एक कुटुंब बाकावर बसलं असेल. त्यांच्याजवळ बस. डॉक्टर त्यांना विचारतील तेव्हा ते काहीही उत्तर देवोत, तू तिथून उठू नकोस. आणि काकांचा फोन वाजलाच, तर त्यांना तो उचलायचं बळ दे. आमेन.