टाक्यांची साक्ष

वसतिगृहात येताना पत्र्याच्या पेटीसोबत घरची गोधडी येते. आईचे जुने लुगडे, वडिलांच्या सदऱ्याचे तुकडे आणि त्यांना बांधणारा धावदोरा. तिची ऊब आपण अनुभवली. तिची साक्ष मात्र क्वचितच घेतली. ती कशी घ्यावी, हे या पाठात पाहू.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशात ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. हजारोंना अटक झाली. कित्येक जण परतलेच नाहीत. वृत्तपत्रांवर बंधने आली, न्यायालयात दाद लागेना. तेव्हा सांतियागो शहरात बेपत्ता माणसांच्या आया, पत्नी व बहिणी चर्चच्या आश्रयाने एकत्र बसल्या. गोणपाटावर चिंध्या शिवून त्यांनी चित्रे केली : तुरुंगाच्या दाराशी लागलेली रांग, वस्तीतील सामुदायिक चूल, हरवलेल्या मुलाचे छायाचित्र धरलेली आई. या चित्रांना ‘आर्पियेरा’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थच गोणपाट. काहींच्या पाठीशी छोटा खिसा असे व त्यात चिठ्ठी. ही कापडे परदेशी विकली गेली. घरची चूल पेटली आणि जगाला वृत्तान्त कळला.

आता आपला परिसर पाहू. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. सिंधी स्त्रियांची ‘रल्ली’ ही आपल्या गोधडीची सख्खी बहीणच : तेच जुने कापड, तीच ठिगळे, तोच हाताचा टाका. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. त्या आठवणीही आपल्यातील काही कुटुंबांत असतील.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. चिलीतील स्त्रियांनी साक्ष देण्यासाठीच टाका घातला. आपल्या आजींनी तो लेकरांच्या उबेसाठी घातला. म्हणून गोधडी आपणहून बोलत नाही, तिला विचारणारा लागतो. हा तुकडा कोणाचा, घर सोडताना काय सोबत आले, काय मागे राहिले, हे सांगणारी गेली की उरते ते केवळ कापड.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे. या सुटीत आजीजवळ बसावे. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत टिपावे. नाव, गाव व साल घालावे. तिला सांगावेसे न वाटल्यास त्या मौनाचाही मान राखावा. आणि लिहिलेला कागद गोधडीच्या घडीत जपून ठेवावा.